मागावरचा उजेड आणि आपलं जुनं भांडण

वडगाव, बेळगाव
श्रावण

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. राग धरू नकोस. आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात.

आज लिहायला बसलो ते तुमच्या मागाच्या खोलीमुळे. माझा प्रबंध तिथल्या उजेडावरच आहे ना. एका पदरावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो, आठवतंय? तू म्हणायचास डाळिंबी, मी म्हणायचो तपकिरी. अरे, दोघांचंही खरं होतं. तू दारात बघितलंस, मी ट्यूबखाली. दिव्याच्या खोक्यावर जो सीआरआय, म्हणजे त्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, छापतात तो 8 फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा 9 वा नमुना, आर9, आणि तो त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणून 80 सीआरआयच्या स्वस्त एलईडीचा आर9 शून्याजवळही असतो आणि त्याखाली डाळिंबी मातकट दिसतं. अप्पा लड हातात घेऊन उंबऱ्यापाशी का यायचे ते कळलं ना?

पण खरी काळजी रात्रपाळीची आहे. लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, कापडावर आडवा ठेवला की विणायला उजेड पुरतो का, एवढंच कळतं. शरीराचं झोप-जागेचं घड्याळ हलतं ते डोळ्यातल्या, मेलानोप्सिन नावाचं उजेड टिपणारं द्रव्य असलेल्या पेशींमुळे. 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने त्या सर्वांत जास्त चेतवतात, तर लक्समीटर 555 च्या हिरव्या-पिवळ्याला जास्त वजन देतो. म्हणून मीटर डोळ्याच्या उंचीवर उभा धरायचा, विणकर बघतो त्याच दिशेला, आपली सावली न पाडता. शिवाय उजेडातले रंग वेगवेगळे मोजणारा स्पेक्ट्रोमीटर हवा, म्हणजे सीआयई या प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2018 च्या मानकानुसार मेलानोपिक लक्स, म्हणजे त्या पेशींच्या हिशेबातला उजेड, काढता येतात. 2700 केल्विनच्या पिवळसर एलईडीचे 300 लक्स या हिशेबात साधारण निम्म्यावर येतात, 6500 च्या निळसर पांढऱ्या दिव्याचे फारसे घटत नाहीत.

2022 साली तज्ज्ञांनी सुचवलं: डोळ्यापाशी दिवसा किमान 250 मेलानोपिक लक्स, झोपेआधीचे 3 तास जास्तीत जास्त 10. आणि विणकामाला कापडावर 500 लक्स लागतात! उजेड कमी केला तर तुटलेला ताणा दिसत नाही, दोष कापडात विणला जातो आणि मजुरी कापली जाते. तू म्हणशील, 'दहाच्या आत बसवून सोड.' नाही रे बसत. मी छताची 6500 ची ट्यूब काढून 3000 केल्विनचा, आर9 50 च्या वर असलेला पट्टीदिवा फणीच्या वर, खाली तोंड करून, कडेला आडोसा देऊन लावायचं म्हणतोय. दिव्याचे उघडे ठिपके डोळ्याला दिसता कामा नयेत. तरी चुन्याची भिंत दिवसा जेवढी उपकाराची, रात्री तेवढीच उलटते. उजेड परत डोळ्यात फेकते. आणि ते 10 दिवसा जागणाऱ्या माणसासाठी आहेत. पहाटे माग बंद करून झोपणाऱ्याची संध्याकाळ कोणती धरायची? मार्गदर्शकांना प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात एकच आकडा हवा आहे. तो मी कसा लिहू?

झगमगही आहेच. वीज 50 हर्ट्झची, म्हणून हलक्या ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाचा) दिवा सेकंदाला 100 वेळा मंदावतो आणि फिरतं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं. मागापाशी हे जिवावरचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबायचं नाही. उजेड टिपणारा फोटोडायोड ऑसिलोस्कोपला, म्हणजे लहरी दाखवणाऱ्या यंत्राला, जोडून उजेडाचा चढ-उतार मोजायचा, तो 8 टक्क्यांच्या आत हवा.

दिवसाचं काम मात्र आपल्या पावसाने सोपं केलंय. आभाळ सगळीकडून सारखं भरलं की बाहेर आणि मागावर एकाच क्षणी माप घ्यायचं: बाहेर 10,000 लक्स, आत 200, म्हणजे बाहेरच्या उजेडाचे 2 टक्के आत पोचतात. ढग फुटले की गुणोत्तर उड्या मारतं, ती मापं टाकून द्यायची. काचेच्या कौलावर सुताची पिंजर आणि काजळी बसलेली असते. आधी तसंच मोजायचं, मग पुसून पुन्हा.

नवी नोकरी कशी आहे? पोरीचं दात येणं संपलं का? वहिनींना नमस्कार सांग.

गणपतीला येशील तेव्हा तो पदर घेऊन ये, आणि अप्पांच्या पेटीतल्या लाल लडीही. दारात आणि पट्टीदिव्याखाली, दोन्हीकडे तुझ्यासमोरच मोजायच्या आहेत.

तुझाच,
बाळू