ताबा नोटिशीत एक ओळ वाढवा

महोदय,

आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर 'ताबा नोटीस'च्या, म्हणजे थकलेल्या कर्जापायी बँकेने गहाण घराचा ताबा घेतल्याच्या, चौकटी नेहमी असतात. अक्षर इतके बारीक की निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींत त्या दिसतही नाहीत. बँकेच्या वसुली विभागात उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला त्या वाचायची खोड आहे. त्या वाचताना एकच गोष्ट खटकत राहते, म्हणून हे पत्र.

हप्ते थकले तर कोर्टात तारीख पडेल, सुनावणी होईल, तेव्हा आपली अडचण सांगू, असे बहुतेक कर्जदार धरून चालतात. पण बँकांना कोर्टात न जाता गहाण मालमत्तेतून वसुली करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यात ताबा घेण्याआधी अशी सुनावणी नाही. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. मग कलम 13(2) खाली 60 दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. पण ते उत्तर पटले नाही म्हणून त्या टप्प्यावर कुठे दाद मागता येत नाही. तरीही हरकत द्यावीच. नोकरी गेली, आजारपण आले, भरलेला हप्ता खात्यात दिसत नाही, जे असेल ते कागदावर आले की पुढे उपयोगी पडते.

खरी फसगत होते ती सांकेतिक, म्हणजे केवळ कागदोपत्री, ताब्याच्या वेळी. बँकेचा अधिकारी येतो, दारावर नोटीस डकवतो, फोटो काढतो आणि जातो. दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, जाहिरात येते. घरातली माणसे घरातच असतात, चूल पेटलेली असते. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांत लाज गेली, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात त्या दिवसापासून कलम 17 खालचे 45 दिवस मोजायला सुरुवात झालेली असते. कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, बँकेच्या कारवाईला आव्हान द्यायची मुदत ती हीच. सुनावणी मिळते, पण कर्जदाराने स्वतः अर्ज करून मागितली तरच. नुसत्या अर्जाने स्थगितीही मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते आणि बहुधा काही रक्कम भरण्याच्या अटीवर मिळते.

या 45 दिवसांत लोक काय करतात? शाखाधिकाऱ्याला भेटतात, नगरसेवकाची चिठ्ठी आणतात, कुणी दिवाणी न्यायालयात दावा लावतो. दिवाणी न्यायालयांना अशा प्रकरणांत मज्जाव करणाऱ्या कलम 34 मुळे तो दावा तिथे सहसा टिकत नाही, हे कळेपर्यंत मुदत टळलेली असते. पुढे प्रत्यक्ष ताबा मिळवायला बँक कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे कर्जदाराचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद नाही. हे काम केवळ प्रशासकीय स्वरूपाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे. मग पोलीस बंदोबस्तात कुलूप लागते, तेव्हा घरातले विचारतात, "आमची तारीख कधी होती?"

बँकेच्या बाजूनेही बोलले पाहिजे, तिचे मीठ खाल्ले आहे. पैसा ठेवीदारांचा असतो आणि हा कायदा येण्यापूर्वी वसुलीचे दावे वर्षानुवर्षे लोंबकळत. मुद्दाम हप्ते बुडवणारेही मी पाहिले आहेत. पण त्यांना डीआरटीचा पत्ता पाठ असतो. अडतो तो पहिल्यांदाच थकलेला पगारदार. व्याजदर वाढला की काय होते पाहा: 30 लाखांच्या, 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता 7 टक्क्यांनी साधारण 23,260 रुपये, साडेनऊ टक्क्यांनी 27,960 च्या घरात. घरातला एक पगार थांबला असेल तर हा फरक पेलत नाही.

त्यात डीआरटी राज्यात फक्त मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. शिवाय तिथे जायचे तर आधी थकबाकीचा मोठा हिस्सा भरावा लागतो, ही अफवा अजून चालते. ती 75 टक्क्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच रद्द केली. रक्कम भरण्याची सक्ती आहे ती निकालावरच्या अपिलाला. सहकर्जदार पत्नी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेही कुणी सांगत नाही.

ताबा नोटिशीचा मजकूर या कायद्याखालच्या नियमांच्या परिशिष्ट 4 मध्ये ठरवून दिलेला आहे. त्यात थकबाकी भरून घर सोडवण्याच्या कलम 13(8) कडे कर्जदाराचे लक्ष वेधलेले असते. तो हक्कही 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरला आहे. कलम 17 चा मात्र त्या नमुन्यात शब्द नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तिथे एक ओळ वाढवावी: या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत अमुक पत्त्यावरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येईल. यासाठी कायदा बदलायला नको, नियमातली दुरुस्ती पुरेशी आहे. तोवर या जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्रांनी त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात, ही माहिती आठवड्यातून एकदा द्यावी. सुरुवात आपण करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी