चौथ्या फेरीतील प्रतिस्पर्ध्यास आभारपत्र

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या खुल्या बुद्धिबळ रेटिंग स्पर्धेत चौथ्या फेरीचा डाव आपण जिंकलात, आणि हरलेला मी आभाराचे पत्र लिहीत आहे, याचे आपल्याला कदाचित नवल वाटेल.

मी जन्मांध आहे. माझ्या पटावरील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीच्या बुडाशी खुंटी असते. चाचपणे हेच माझे पाहणे असल्याने, सोंगटी भोकातून उपसली तरच तिला स्पर्श झाला असे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे नियम मानतात. पूर्वी याच शहरातील एका स्पर्धेत घोड्यावरून माझे बोट फिरताच समोरचा खेळाडू ‘टच-मूव्ह’ (हात लावलेली सोंगटी हलवलीच पाहिजे) म्हणून ओरडला, तेव्हा नियमपुस्तिका उघडण्याऐवजी पंचांनी मलाच हात आवरण्याची समज दिली. 2013 साली ग्रँडमास्टर झालेल्या विदित गुजराथी यांच्या शहरात हे घडावे, याची बोच अजून गेलेली नाही.

चाल मोठ्याने सांगायची, समोरच्याने ती पुन्हा उच्चारायची आणि मग आपल्या पटावर करायची, हे सुरुवातीला सारेच पाळतात. वेळ संपत आली की मात्र शब्द गिळले जातात, आणि ऐकले ते ‘बी’ होते, ‘डी’ होते की ‘ई’, हे मला अंदाजाने ठरवावे लागते. हा घोळ टळावा म्हणूनच पटाच्या ए, बी, सी, डी या उभ्या ओळींना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे दिलेली आहेत. डोळस खेळाडूंना ती क्वचितच ठाऊक असतात. आपल्याला ती ठाऊक होती. अखेरीस आपण केवळ प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांवर खेळत होतात, असे मला पंचांकडून नंतर कळले. तरीही ‘हत्ती, डेव्हिड सात’ हे आपण दर वेळी पूर्ण उच्चारलेत, माझी चालही न चुकता पुन्हा म्हटलीत, आणि तेही शेजारच्या पटांना त्रास होणार नाही अशा हलक्या, स्वच्छ आवाजात. समोरचा गोंधळला तर आपलेच फावते, हे न कळण्याइतके आपण नवखे नक्कीच नाही. त्या सेकंदांची किंमत आपण मोजलीत आणि त्याचा उल्लेखही केला नाहीत, म्हणून तो मी येथे करत आहे.

हत्तींचा तो अंत्यडाव जिंकलेलाच होता, हे आपले म्हणणे मात्र मला पटलेले नाही. माझा हत्ती आपल्या प्याद्याच्या मागे राहिला तर डाव बरोबरीत सुटतो, असे माझे मत आहे. चाली ब्रेलमध्ये उतरवलेल्या आहेत. सवड काढून एकदा जरूर बसावे.

आपला,
काळ्या सोंगट्यांनी खेळलेला प्रतिस्पर्धी