मेनाराइतकीच जागा टकाकियाला द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतली बोर्निओच्या 'मेनारा' या झाडाची माहिती मी वर्गात वाचून दाखवली. सबाहमधल्या डॅनम खोऱ्यातलं हे पिवळ्या मेरांतीचं झाड १००.८ मीटर उंच आहे. २०१९ मध्ये एकजण थेट शेंड्यावर चढला आणि टेप खाली सोडून त्यानं ते मोजलं. मुळं सोडून वजन अंदाजे ८१.५ टन! मुलं थक्क झाली. तेवढ्यात एकीनं विचारलं, "बाई, आणि अगदी छोटं?"

तिला मी शाळेच्या कुंपणभिंतीवरचं वाळलेलं मॉस दाखवलं, ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. भिंगाखाली धरून त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तशी आक्रसलेली पानं बघता बघता उलगडली, हिरवी झाली. मेनारा एकदा वाळला की वाळला. त्याच्या खोडात पाणी वर चढवणाऱ्या नलिका आहेत, म्हणून तो आभाळाला भिडतो. मॉसला ना खरी मुळं, ना तशा नलिका. अंगावर पडेल ते पाणी पानांनीच प्यायचं आणि जमिनीला धरून राहायचं.

टकाकिया हीसुद्धा एक मॉसच. ती तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरच्या वर, वर्षातले आठेक महिने बर्फाखाली जगते. तिचा वंश ३९ कोटी वर्षांचा. हिमालय उभा राहण्याच्या कितीतरी आधीचा, फुलं येणाऱ्या झाडांच्याही आधीचा. म्हणजे मेनाराचे फुलं येणारे पूर्वज तिच्यापुढे कालचे! पठार उंच होत गेलं, ऊन प्रखर झालं, तशी तीही बदलत गेली. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा वर्षं चाललेल्या अभ्यासात तिचं तिथलं प्रमाण दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटताना दिसलं. तिथली हवा तापते आहे आणि या वेगाशी तिला जुळवून घेता येत नाही.

मेरांतीही धोक्यात आहे, तिच्याबद्दल लिहिलंत ते योग्यच केलंत. पण उंच झाड पडलं की आवाज होतो, बातमी होते. टकाकिया खडकावरून नाहीशी झाली तर तिथून जाणाऱ्यालाही कळणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या पुरवणीत तिचं पानभर छायाचित्र छापावं, ही विनंती. मेनाराचं कात्रण आमच्या फळ्याशेजारी लावलं आहे, त्याच्या बाजूला जागा ठेवली आहे.

– एक विज्ञान शिक्षिका, सातारा