आप्पा, इथलं दुकान असं चालतं

एसेन, जर्मनी

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर इथल्या 'आल्डी' नावाच्या स्वस्त दुकानातला दुधाचा भाव सांगितला तर तुम्ही विचारलंत, "मग तिकडचा दुकानदार खातो काय?" आणि तेवढ्यात कुणीतरी पावशेर शेंगदाणे मागितले आणि फोन राहिला. गल्ल्यावर बसून बोलायचं म्हणजे हे असंच होणार, म्हणून सगळं सविस्तर लिहूनच पाठवते. दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचा. दादालाही द्या वाचायला, कारण बायपासवर ते मोठं मार्ट आल्यापासून तुमची दोघांची जी रोज जुंपते, ती आईकडून मला कळते.

मी ज्या गावात येऊन पडले आहे, तिथंच या स्वस्त दुकानांची सुरुवात झाली, हे मला आधी माहीत नव्हतं. एसेन हे कोळशाच्या खाणींचं गाव. आता खाणी बंद आहेत. झोलफेराइन नावाची सगळ्यात मोठी खाण 1986 साली थांबली, आता ती जागतिक वारसा म्हणून लोक बघायला येतात. त्या खाणीला लागून शोनेबेक नावाची वस्ती आहे. तिथं अन्ना अल्ब्रेख्त नावाच्या बाईचं लहानसं किराणा दुकान होतं, 1913 सालापासूनचं. गिऱ्हाईक कोण, तर खाणकामगारांची घरं. थिओ आणि कार्ल ही तिची दोन मुलं. थिओ आईच्या हाताखालीच दुकानदारी शिकला. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोघा भावांनी दुकान ताब्यात घेतलं. शहर बॉम्बनी उद्ध्वस्त झालेलं, भांडवल नाही, म्हणून अगदी मोजकाच माल ठेवला. पैसे आले की फळ्या भरू, असा विचार होता. पण त्यांच्या लक्षात आलं की थोडाच माल ठेवला आणि भाव खाली ठेवला, तर तो माल भराभरा उठतो. मग फळ्या भरायचा बेत त्यांनी सोडून दिला. अल्ब्रेख्त आणि डिस्काउंट यांची पहिली अक्षरं जोडून 'आल्डी' हे नाव 1962 साली आलं.

आता ऐका भाऊबंदकी. 1961 च्या सुमारास दोघांचं बिनसलं, तेही कशावरून, तर दुकानात सिगारेट ठेवायची की नाही यावरून. थिओ म्हणाला ठेवायची. कार्ल म्हणाला, चोर गोळा होतील. मग वाटणी झाली. आपल्या गल्लीत वाड्याच्या मधोमध भिंत घालतात, यांनी देशाच्या मधोमध रेघ मारली. उत्तर थिओची, दक्षिण कार्लची. ती रेघ एसेन आणि शेजारच्या मुलहाइमच्या मधून जाते. लोकल ट्रेननं थोडंसं पुढं गेलं की दुकानाच्या पाटीचा रंग बदलतो. पण वाटणी सलोख्यानं झाली, असं सांगतात. आणि सिगारेटी आज दोघांकडेही मिळतात!

हा थिओ इतका साधा राहायचा की 1971 साली पैशासाठी त्याला पळवून नेलं, तेव्हा त्याच्या अंगावरचा स्वस्तातला सूट बघून चोरांना शंका आली आणि त्यांनी त्याचं ओळखपत्र मागितलं, असं इथं सांगतात. 17 दिवसांनी 70 लाख मार्क (तेव्हाचं इथलं चलन) देऊन सुटका झाली. सुटल्यावर त्यानं काय करावं? ती खंडणी धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा व्हावी, यासाठी भांडला. तुम्हाला हा माणूस आवडला असता.

बरं, आता तुमचा प्रश्न. दुकानदार खातो काय?

आल्डीच्या दुकानात शिरायच्या आधी ढकलगाडी घ्यायची असते. ती साखळीनं पुढच्या गाडीला अडकवलेली. एक युरोचं नाणं खाचेत घातलं की सुटते, जागेवर नेऊन लावली की नाणं परत. म्हणजे गाड्या गोळा करायला पोऱ्या ठेवायला नको. आत गेलं की माल खोक्यातच. खोक्याची पुढची बाजू फाडायची आणि अख्खं खोकं फळीवर सरकवायचं. दूध, पाणी, पीठ तर कारखान्यातून आलेल्या लाकडी पाटासकट खाली ठेवलेलं. एकेक पुडा हातानं लावत बसणारा माणूस दिसत नाही. माणसंच मुळात चार-पाच, आणि जो गल्ल्यावर तोच रांग संपली की माल लावतो, तोच फरशी पुसतो.

जिन्नस किती, तर दोन हजारांच्या आसपास. इथल्याच मोठ्या सुपरमार्केटात दहा हजारांच्या वर असतात. साखर एक-दोन प्रकारची, मीठ तसंच. निवड करायला वावच नाही, म्हणून माणूस लवकर बाहेर पडतो. पण खरी गोम खरेदीत आहे. एकाच प्रकारचा माल देशभराच्या दुकानांसाठी उचलायचा म्हटल्यावर कारखानदार भावात वाकणारच. त्यात बहुतेक माल यांच्या स्वतःच्या नावाचा. दुधावर 'मिल्सानी' लिहिलेलं असतं, डेअरी दुसऱ्याच कुणाची. त्या नावाची जाहिरात नाही, एजन्सीचा माणूस नाही, एकावर एक फुकट नाही, दिवाळीला घड्याळ नाही. म्हणून लीटरभर दूध एक युरोच्या आसपास मिळतं. आपल्या हिशेबानं ते शंभराच्या घरात जातं, पण इथल्या पगाराच्या मानानं काहीच नाही. तुम्ही रुपयात हिशेब करू नका, आईला तर सांगूच नका.

गल्ल्यावरचा माणूस बसून काम करतो, हे मला फार बरं वाटतं. आपल्याकडच्या मॉलमध्ये पोरी दिवसभर उभ्या असतात. पण इथली ही मंडळी ज्या वेगानं माल ओढतात तो बघण्यासारखा असतो. पुड्यावर रेघांची पट्टी, म्हणजे बारकोड, एका जागी नसते, दोन-तीन बाजूंना छापलेली असते, म्हणजे उलटसुलट करत शोधायला नको. ती पट्टी वाचणारी यंत्रं यायच्या आधी आल्डीच्या गल्ल्यावर सगळ्या मालाचे आकडे पाठ करावे लागत आणि ते न बघता बोटांनी दाबत. ते ऐकल्यावर मला तुमची तोंडी बेरीज आठवली, कागदाच्या तुकड्यावर नुसती शेवटची रक्कम लिहायचात ती. माझ्या आणि पुढच्याच्या मालात आडवी कांडी ठेवायची. तुमचा माल आला की झेलायचा आणि गाडीत टाकायचा. पिशवी भरत तिथं उभं राहिलं तर मागची आजी काही बोलत नाही, फक्त बघते. भरायचं ते खिडकीजवळच्या फळीवर जाऊन. पिशवी घरून न्यायची, नाहीतर विकत. आणि सुटे पैसे एक सेंटसुद्धा परत मिळतात. तुमच्यासारखं कुणी चॉकलेट हातावर ठेवत नाही.

थोडक्यात, आपण जे गिऱ्हाइकाला करून देतो, ते इथं गिऱ्हाईक स्वतः करतं, आणि त्याची मजुरी त्याला भावात मिळते. गाडी आणायची, माल शोधायचा, झेलायचा, भरायचा, वाहून न्यायचा. दुकानदार खातो ते हे आप्पा, आमचे हातपाय.

बाटल्यांचंही सांगते. पाण्याची प्लास्टिकची बाटली किंवा कोल्ड्रिंकचा डबा घेतला की वर 25 सेंट अनामत लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात सरकवली की ते चिठ्ठी देतं आणि ती गल्ल्यावर बिलातून वळती होते. आपल्याकडे गोटी सोड्याची बाटली परत द्यावी लागायची तोच न्याय. स्टेशनवर, बागेत म्हातारी माणसं कचऱ्याच्या डब्यात टॉर्च मारून बाटल्या शोधताना दिसतात. पेन्शन पुरत नाही अशी. चांगला कोट घातलेली असतात. बरेच लोक म्हणूनच बाटली डब्यात न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, त्यांना हात घालावा लागू नये म्हणून. मीही तसंच करते.

भाजी-पाल्यावर, डाळीवर, सगळ्यावर पुड्याच्या भावाखाली बारीक अक्षरात किलोचा भाव लिहिलेला असतो. कायदाच आहे. त्यामुळे चारशे ग्रॅमचा पुडा पाचशेचा वाटावा असा फुगवला तरी फसायला होत नाही. अंड्यावरसुद्धा शिक्का असतो आणि त्यातला पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळी हिंडणारी, दोन म्हणजे खुराड्यात पण जमिनीवर, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. तारीख जवळ आलेल्या मालावर तीस टक्के कमीची लाल चिठ्ठी चिकटवतात. संध्याकाळी मी ती फळी आधी बघते, दुकानदाराची लेक आहे शेवटी. शनिवारी संध्याकाळी मात्र चुकूनही जाऊ नये. रविवारी सगळं बंद असतं, त्यामुळे सोमवारी दुष्काळ पडणार असल्यासारखे लोक पाव आणि बटाटे उचलतात.

मधल्या रांगेत किराण्याशी काही संबंध नसलेला माल असतो आणि तो दर आठवड्याला बदलतो. एकदा ड्रिल मशीन, एकदा बर्फातल्या पँटी, एकदा झाडाच्या कुंड्या. संपलं की संपलं. नव्वदच्या दशकात असे कॉम्प्युटर यायचे तेव्हा पहाटेपासून रांगा लागायच्या म्हणे. माझ्या खोलीवरची नाशिकची मुलगी दही आणायला जाते आणि उशी घेऊन येते.

खाण्याचं म्हणाल तर बरं चाललंय. मसूर डाळ मिळते, छोले डब्यात शिजवलेले मिळतात, बासमती मिळतो. पिठाच्या पुड्यावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. आकडा जेवढा मोठा तेवढा कोंडा जास्त. पोळीला मी 1050 आणि 550 एकत्र करते, गव्हाची चव नाही पण पोळी फुगते. क्वार्क नावाचा चक्क्यासारखा पदार्थ डब्यात मिळतो, तो थोडा फडक्यात टांगला की श्रीखंड होतं. पाडव्याला केलं होतं, आईला फोटो पाठवलाय. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ मात्र भारतीय दुकानात आणि भाव असा की बार्शीच्या माणसानं ज्वारीसाठी तो द्यावा याची लाज वाटते.

कोथिंबीर, भेंडी, छोटी वांगी तुर्की दुकानात मिळतात. तिथला मालक पन्नाशीचा असेल. काट्यावर भेंडी घातली की वर मूठभर आणखी टाकतो. मी गेले नाही आठवडाभर तर "कुठं होतीस?" विचारतो. त्याचं दुकान आल्डीच्या समोरच आहे, रस्ता ओलांडला की. लोक आधी तिकडून दूध, साखर, पीठ घेतात आणि मग इकडे येतात. चालतंय त्याचं व्यवस्थित.

हे दादासाठी लिहिलंय. भावात मार्टाशी झुंजायला जाऊ नकोस, तिथं तू हरणार. साखर आणि तेलाचा डबा लोक तिकडूनच आणणार, आणू देत. पण मार्टात कुणी दहा रुपयांची हळद पुडीत बांधून देणार नाही, सोयाबीनचे पैसे आल्यावर द्या म्हणणार नाही, आणि शेजारच्या काकूंना गुडघे दुखतात म्हणून पिशवी वर नेऊन ठेवणार नाही. तेव्हा उधारीची वही बंद करायचा विषय सोड. आप्पा, त्याला मशीनवर बिलं करायची आहेत तर करू द्या, वही त्यात घाला म्हणावं. पण एका बाबतीत दादा बरोबर आहे आणि तुम्ही रागवू नका. कंपनीनं स्कीम दिली म्हणून घेतलेल्या साबणांच्या नाना तऱ्हा, कुणी विचारत नाही त्या बिस्किटांचे पुडे, मागच्या फळीवरचे ते फिनेलचे डबे, यात पैसा अडकून पडलाय. अन्ना अल्ब्रेख्तच्या पोरांना जे नाइलाजानं समजलं ते आपण राजीखुशीनं करू. आणि किलोचा भाव सगळ्या पुड्यांखाली लिहून लावा, दोन स्केचपेन आणि पुठ्ठा एवढाच खर्च आहे. मार्टातला मोठा पुडा दर वेळी स्वस्त पडतोच असं नाही, ते गिऱ्हाइकाला तुमच्याच दुकानात कळेल.

आईला वेगळं लिहिते. काळं तिखट संपत आलंय, पण कुरिअरनं पाठवू नका, नाशिकवालीचा भाऊ पुढच्या महिन्यात येणार आहे, त्याच्याकडे द्या. दादाला म्हणावं मागच्या फळीचा फोटो काढून पाठव, काय काढायचं त्यावर मी खुणा करून देते. फिनेलपासून सुरू करू.

तुमची,
धाकटी