ताई, तुम्ही ती बाटली परत केलीत म्हणून

ताई,
स. न. वि. वि.

तुमच्या लॅबच्या खिडकीत दिवसाला लघवीच्या किती डब्या येत असतील, त्यामुळे माझं नाव लक्षात असायचं कारण नाही. पण अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी कफ सिरपच्या धुतलेल्या बाटलीत पोराची लघवी घेऊन आलेली आणि बाटली परत केली म्हणून तुमच्यावर चिडलेली बाई आठवत असेल, तर ती मी.

त्या आधीचं तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. गौरी जेवल्या त्या दिवशी धाकटा बाथरूममधून ओरडला, "आई, कोरा चहा!" खरंच कोऱ्या चहासारखी लघवी. वय वर्षं आठ. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली असेल, नाहीतर कुणाकडे बीट खाल्लं असेल. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक, लिंबू सरबत, सगळं मीठ-साखर घालून तांब्या-तांब्याने सुरू झालं. दुसऱ्या दिवशी एके ठिकाणी लघवी तपासायला दिली. सकाळी सातला घेतलेला नमुना, तो गाडीने दुपारी पुढच्या गावी गेला, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मोबाइलवर आला. पस सेल्स 8 ते 10, आरबीसी 20 ते 25, अल्ब्युमिन दोन प्लस, कास्ट निल. तो बघून लघवीचं इन्फेक्शन आहे असं सांगण्यात आलं आणि गोळ्या सुरू झाल्या. आरबीसी म्हणजे रक्ताच्या लाल पेशी, अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन, हे आता कळतं; तेव्हा मला त्यातलं फक्त 'पस' कळलं. पस म्हणजे पू, पू म्हणजे इन्फेक्शन, संपला विषय.

तुम्ही मात्र रिपोर्टच्या आधी पोराकडे बघितलंत. "याचे डोळे रोज सकाळी असे सुजतात का?" दोन दिवस सुजत होते. आम्हाला वाटलं, आरत्यांची जागरणं. मग तुम्ही विचारलंत, लघवीला आग होते का, ताप आहे का. दोन्ही नव्हतं. लघवी कमी होतेय का, हे विचारल्यावर मी गप्प झाले, कारण इतकं पाणी पाजूनही तो दिवसातून दोनदाच जात होता आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाटली तुम्ही हातातसुद्धा घेतली नाहीत. औषधाच्या बाटलीतलं चालत नाही, आणि घरून आणलेलं दोन तासांचं झालं, असं म्हणून निर्जंतुक डबी दिलीत. "पहिली धार सोडायची, मधली घ्यायची, इथेच." मला वाटलं, नवीन डबीचे पैसे लावायचे असतील. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

पुढची वीस मिनिटं मी तुम्हाला काचेपलीकडे बघत होते. नळीत लघवी घेतलीत, मशीनमध्ये पाच मिनिटं फिरवलीत, वरचं पाणी ओतून दिलंत, तळाच्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर. मग तुमचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लागला तो हलेना. तुम्ही मला आत बोलावलंत तेव्हा माझे पाय थरथरत होते.

मला काही दिसेना आधी. मग दिसलं: फिकट वाटोळे ठिपके सगळीकडे, आणि मधे एक नारिंगी-तपकिरी नळकांडं, त्याच ठिपक्यांनी गच्च भरलेलं. तुम्ही म्हणालात, "चकलीचा सोऱ्या असतो ना घरी? तसं समजा." प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या आणि प्रत्येक गाळणीमागे एक बारीक नळी. त्या नळीत एक प्रथिन जेलीसारखं घट्ट होतं. त्यात जे अडकेल त्याचा नळीच्याच आकाराचा तुकडा पडतो, तो कास्ट. नुसत्या जेलीचा एखादा कास्ट धडधाकट माणसालाही, पळून आल्यावर किंवा पाणी कमी प्यायल्यावर, दिसू शकतो. पण लाल पेशींनी भरलेला कास्ट मूत्राशयातून किंवा खालच्या मार्गातून येऊच शकत नाही, कारण तो आकार फक्त किडनीच्या नळीतच मिळतो. म्हणजे रक्त किडनीतून येतंय, गाळणीच सुजलीय. रंग लाल नसून कोऱ्या चहाचा का, तेही तेव्हाच कळलं: लघवीच्या आंबटपणाने वाटेत रक्ताचा रंग तपकिरी पडतो.

मग मी विचारलं, पहिल्या रिपोर्टात कास्ट निल कसे? त्यावर तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. म्हणालात, तासन्तास ठेवलेल्या लघवीत कास्ट विरघळतात, पेशी फुटतात, जंतू मात्र वाढतात. त्यांनी बघितलं तेव्हा कदाचित नसतीलच. आणि पस सेल्स किडनीला सूज असली तरी वाढतात, इन्फेक्शनच असलं पाहिजे असं नाही. "पण मी डॉक्टर नाही. निदान ते करतील. तुम्ही घरी जाऊ नका, इथूनच जा." आणि तुम्ही स्वतः बालरोगतज्ज्ञांना फोन लावलात.

तिथे पहिल्यांदा पोराचं बीपी मोजलं. 136/92. आठ वर्षांच्या मुलाचं बीपी मोजायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी पाय बघितले. नागपंचमीच्या सुमाराला चिखलात खेळून पायांवर पिकलेले फोड आले होते, हळद लावून बरे झाले होते, त्यांचे डाग होते. ते म्हणाले, मूळ इथे आहे. त्या फोडांतल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराने जे तयार केलं, ते किडनीच्या गाळण्यांत जाऊन बसलं. घशाच्या दुखण्यानंतर हे एक ते तीन आठवड्यांत होतं, कातडीच्या फोडांनंतर तीन ते सहा. आमचे पाच झाले होते. रक्तात सी-3 नावाचं प्रथिन कमी आलं, किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन 1.1. मोठ्या माणसाला ते खपून जातं, आठ वर्षांच्या पोराला जास्त.

पाच दिवस दवाखान्यात. लघवी सुटायचं औषध, बीपीचं औषध, मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून. आणि मी चार दिवस त्याला तांब्याने सरबत पाजत होते! ते पाणी शरीरातच साठत होतं, त्यानेच डोळे सुजत होते, बीपी चढत होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर डोकं दुखून झटकेही आले असते. सासूबाई हे ऐकून रात्रभर बसून राहिल्या. त्यांना मी काही बोलले नाही, माझाही हात होताच त्यात.

गल्लीत तोवर 'किडनी गेली' अशी बातमी पोचली होती. कुणी डायलिसिसचा खर्च सांगून गेलं. लहान मुलांतला हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, हे डॉक्टरांनी तीनदा सांगूनही मला पटलं ते तुमच्याकडे दर पंधरवड्याला नमुना द्यायला लागल्यावर. आरबीसी 20 वरून 12, मग 6 ते 8. कास्ट दिसेनासे झाले. हा आकडा म्हणजे मोठ्या भिंगातून एका नजरेत किती पेशी दिसतात तो, तीनपर्यंत असल्या तर चालतात, हे मी आता जाऊबाईंना समजावते. त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टात कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स आले तेव्हा त्यांनी टोमॅटो-पालक सोडून मुतखड्याचा काढा सुरू केला होता. तुम्ही त्यांना ते पाकिटासारखे चौकोनी स्फटिक दाखवलेत आणि सांगितलंत की नमुना गार पडला तरी चार-दोन दिसतात, पोटात-कमरेत दुखत नसलं तरी काढ्याआधी डॉक्टरांना विचारा. काढा बंद झाला. त्याचा वास फार वाईट होता, त्याबद्दल आमच्या घराचे वेगळे आभार.

परवा सी-3 चा रिपोर्ट आला. नॉर्मल. बीपीची गोळी सुटली. लघवीत अजून 4 ते 5 लाल पेशी आहेत, त्या काही महिने, कधी वर्षभरही दिसू शकतात, म्हणून दर महिन्याला तुमच्याकडे येणं आहेच. धाकटा आता डबी स्वतः मागतो आणि "मधली धार" असं रस्त्यात मोठ्याने म्हणतो.

त्या दिवशीचे तुम्ही एकाच तपासणीचे पैसे घेतलेत. ताज्या नमुन्यासाठी थांबवणं, डॉक्टरांना फोन, मला आत बोलावून दाखवणं, हे पावतीवर कुठेच नव्हतं. ते पोचवायला हे पत्र.

सोबत चकल्यांचा डबा आहे. पीठ मळताना सासूबाईंनी मला मीठ घालू दिलं नाही, स्वतः मोजून घातलं, त्यामुळे जरा अळणी लागतील. सोऱ्या दाबताना धाकटा शेजारी बसला होता. पहिला तुकडा ताटात पडला तसा म्हणाला, "आई, कास्ट."

तुमची,
कोऱ्या चहाची आई