डेंग्यूचे रुग्ण चाळीस, पण कितीपैकी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात ‘डेंग्यूचे चाळीस रुग्ण’ अशा बातम्या येऊ लागतात. हे चाळीस कितीपैकी, किती दिवसांतले आणि कोणत्या तपासणीवरून ठरवलेले, हे मात्र त्यात नसते. आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी घरोघर फिरण्यात गेली, म्हणून कळकळीने लिहिते.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. एवढ्यांत चाळीस रुग्ण म्हणजे लाखामागे चार. तेच चाळीस चार हजार वस्तीच्या गावात निघाले, तर शंभरात एक आजारी. आकडा तोच, पण त्या गावात त्याच दिवशी पथक पोचायला हवे.

कॉलऱ्याची साथ दूषित पाण्याच्या हातपंपापर्यंत शोधत नेणारे इंग्रज डॉक्टर जॉन स्नो म्हटले की सगळ्यांना लंडनचा तो हातपंप आठवतो. मला त्यांचे १८५४ मधलेच दुसरे काम मोठे वाटते. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी शहराची घाण मिसळलेले थेम्सचे पाणी देई, दुसरी नदीच्या वरच्या अंगाचे. स्नो यांनी कॉलऱ्याच्या मृत्यूंबरोबर घरेही धरली. पहिलीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७! घरे धरली नसती, तर ‘त्या कंपनीची गिऱ्हाइकेच जास्त’ म्हणून लोक गप्प बसले असते.

आपल्याकडेही प्रश्न पाण्याचाच आहे. नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघर बॅरल, रांजण, हौद भरलेले. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. पूर्व भागात आम्ही तोडक्यामोडक्या तेलुगूत बोलत बॅटरीच्या उजेडात एकेक बॅरल बघायचो. शंभर घरे तपासून वीस घरांत अळ्या सापडल्या, तर हाऊस इंडेक्स वीस. पण एकाच घरात अळ्यांची तीन भांडी असू शकतात, म्हणून शंभर घरांमागे अशी भांडी किती हेही मोजतात. तो ब्रेटो इंडेक्स. रुग्ण दवाखान्यात पोचण्याआधी धोका कळतो तो इथे. आपल्या वार्ताहरांनी हे आकडे वॉर्डनिहाय मागून छापावेत. आपल्या गल्लीचा आकडा पेपरात दिसला, तर माणूस त्याच दिवशी बॅरल घासून कोरडे करील.

संशयित आणि निश्चित रुग्णही एकाच बेरजेत नकोत. झटपट किटवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकारी नियमाप्रमाणे निश्चित धरत नाहीत, त्याला प्रयोगशाळेतली एलायझा ही रक्ततपासणी लागते. शिवाय तपासण्या दुप्पट झाल्या तर रुग्णही जास्त सापडणार. तेवढ्यावरून साथ वाढली असे ठरत नाही. म्हणून किती जणांची तपासणी झाली, तेही लिहावे.

मृत्यूदराचेही तसेच. आजारी पडलेल्यांपैकी किती दगावले हा एक दर, शहराच्या लोकसंख्येमागे किती दगावले हा दुसरा. पहिला पाच टक्के असला आणि बातमीत नुसते ‘मृत्यूदर पाच टक्के’ आले, तर शंभर सोलापूरकरांपैकी पाच जाणार असे वाचून घरातली म्हातारी माणसे धास्तावतात.

रुग्णांच्या आकड्यासोबत रोज एक छोटी चौकट द्यावी: या आठवड्यातले नवे रुग्ण, गेल्या वर्षी याच आठवड्यातले, झालेल्या तपासण्या आणि लाखामागे प्रमाण. ही माहिती मागायला आणि तपासायला मदत लागली, तर माझ्यासारख्या निवृत्त सेविका शहरात पुष्कळ आहेत. आम्ही विनामोबदला येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
साखर पेठ, सोलापूर