दुबई-अबू धाबी सहल : सामान बांधण्याआधी वाचा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

दिवाळीनंतर लगेच निघतो आहोत, म्हणून आधी फराळाचं. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांत धरतात. नातेवाइकांसाठी डबे भरताना अनारसे वगळा, करंजीच्या सारणातही खसखस नको. घरच्या गोड्या मसाल्यात ती असतेच असं नाही, पण मसाला नेऊच नका. चिमूटभर खसखशीपायी विमानतळावर अडकणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांना आगाऊ परवानगी लागते.

शेख झायेद मशिदीत महिलांनी घोट्यापर्यंत सैल कपडे, पूर्ण बाह्या आणि डोक्यावरून ओढणी घ्यायची आहे. साडीत पोट-पाठ उघडी राहते, तेव्हा त्या दिवशी सलवार-कमीजच बरा. पुरुषांनी हाफ पँट घालू नये. ती नांदती मशीद आहे, आत मोठ्याने हाका मारू नका.

दुबई मेट्रोत खाणं-पिणं, अगदी च्युइंगगमसुद्धा चालत नाही. 100 दिरहम दंड होतो. महिला-मुलांच्या राखीव डब्यात पुरुषांनी चढू नये, फलाटावरची गुलाबी खूण पाहावी.

अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. अमिराती स्त्रीशी ओळख झाली तर पुरुषांनी आपणहून हात पुढे करू नये. उजवा हात छातीवर ठेवून मान लववावी, तिथे तो आदरच समजतात.

रोजच्या औषधांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह रविवारपर्यंत पाठवा. ग्रुपवर नको, समितीकडे खासगीत.

– सहल समिती